‘एवढा धीर कुठून आणलात?’ – तुम्ही विचारलंत म्हणून

कोयनेच्या विसर्गाचे आकडे बातम्यांत येऊ लागले की दर पावसाळ्यात कोणीतरी मला विचारतेच, “2019 च्या पुरात तुमचे दुकान सगळे गेले, तरी दिवाळीच्या आत तुम्ही ते पुन्हा उघडलेत. एवढा धीर कुठून आणलात?” आजवर मी हसून वेळ मारून नेत आले. त्या वर्षी एका मंडळाने माझा सत्कार केला, तेव्हा तर “संकटासमोर हिंमत सोडायची नसते,” असे मी माईकवरून ठणकावून सांगितले होते. ते भाषण आठवले की आजही कानाच्या पाळ्या तापतात, कारण माझ्यापाशी हिंमत तेव्हाही नव्हती आणि आजही नाही. पाल दिसली तरी मी खोलीबाहेर पळते.

माझ्यापाशी होता तो मोजण्याचा नाद. सांगलीत हरभट रोडवर आमचे वह्या-पुस्तकांचे दुकान आहे आणि लग्न होऊन आल्यापासून त्याची साठावही मीच लिहिते. सासूबाई याला ‘चिकटपणा’ म्हणत, यजमान ‘कारकुनी’ म्हणत, आणि मलाही तो गुण आहे असे कधी वाटले नव्हते. गुण म्हणजे शौर्य, औदार्य, वक्तृत्व. शंभरपानी एकरेघी वह्यांचे गठ्ठे दोनदा मोजणे हा फार तर स्वभाव.

पाणी चढू लागले तेव्हा आम्ही, गावातल्या बहुतेकांप्रमाणे, 2005 च्या पुराच्या खुणेवर विसंबलो आणि सगळा माल तिच्यापेक्षा हातभर वर रचला. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी 45 फूट ही धोक्याची पातळी. त्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्याही वर गेले. पूर ओसरल्यावर शटर चिखलाने इतके धरले होते की पहारीने उचकटावे लागले. भिजलेला कागद फुगतो हे मला ठाऊक होते, पण फुगलेल्या वह्या फळ्यांमध्ये अशा घट्ट बसतात की लाकडी कपाटाच्या बाजू फाटून निघतात, हे त्या दिवशी प्रथम पाहिले. वास असा होता की शेजारचे दुकानदार नाकाला रुमाल बांधून आले आणि दारातूनच परत गेले. यजमान आत आलेच नाहीत. ते पायरीवर बसून राहिले. मी मात्र सीलबंद पाकिटातले एक बॉलपेन शोधले, घरून आणलेली कोरडी वही उघडली आणि पहिल्या कपाटापासून लिहू लागले: दोनशेपानी, इतके डझन, चित्रकलेच्या वह्या, इतके नग, ताव, इतके रिम. पंचनाम्याला यादी लागेल, असे मी सर्वांना सांगत होते, आणि ते खरेही होते. पण पंचनामा करणारे त्या दिवशी येणार नव्हते, हेही मला माहीत होते. मोजणे थांबवले असते तर मी तिथेच चिखलात बसले असते.

दुपारी कधीतरी यजमान म्हणाले, “अगं, जरा इथे येऊन बस.” मी म्हटले, “एवढे कपाट मोजून होऊ दे.” काही वेळाने त्यांनी पुन्हा हाक मारली आणि मी पुन्हा तेच उत्तर दिले. मान वर केली तेव्हा पायरी रिकामी होती. ते रात्री उशिरा घरी परतले. कुठे होता, हे सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. संध्याकाळभर ते घाटावर पाण्याकडे पाहत एकटे उभे होते, हे मला दोन वर्षांनी, तेही तिसऱ्याच माणसाकडून कळले. सत्कारात सांगायची राहिलेली गोष्ट ती ही.

मानसशास्त्र शिकणाऱ्या भाचीने पुढे माझ्याकडून एक प्रश्नावली भरून घेतली. क्रिस्टोफर पीटरसन आणि मार्टिन सेलिगमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 2004 साली मांडलेल्या 24 स्वभावगुणांवर ती बेतलेली आहे. त्यांत आपले कोणते गुण ठळक आणि कोणते मागे, हे ती क्रमाने दाखवते. माझ्या यादीत सावधपणा आणि चिकाटी सर्वांत वर आल्या. धैर्य इतके खाली होते की भाची हसली. मला मात्र मोठा दिलासा वाटला, कारण आयुष्यभर ज्याची चेष्टा झाली त्याला कोणीतरी गुण म्हटले होते, आणि 2021 च्या जुलैत पातळीने पुन्हा पन्नाशी ओलांडली तेव्हा त्याच गुणाच्या जोरावर, कोणता गठ्ठा किती वेळात कुठे हलवायचा हे आधीच लिहून ठेवल्यामुळे, आमचा बहुतेक माल वाचला होता. तुम्ही विचारता तो ‘धीर’ इतकाच आहे, आणि तो तुमच्यापाशीही असेल. फक्त तुम्ही त्याला खोड म्हणत असाल.

हे लिहिताना मला पायरी दिसते. ज्या गुणाने मला उभे ठेवले, त्याच्याच आड मी लपलेही होते. 2019 ची मी म्हणते, “तू न मोजतीस तर दोघेही बुडला असतात.” आजची मी म्हणते, “दहा मिनिटांनी कपाट कुठे पळून जाणार होते?” दोघींपैकी कोणीही हटत नाही.

भाचीने आणखी एक सांगितले होते. सेलिगमन आणि सहकाऱ्यांच्या 2005 सालच्या प्रयोगात, आपले गुण नुसते ओळखून थांबलेल्यांना तात्पुरताच लाभ झाला. आठवडाभर रोज ते नव्या रीतीने वापरणाऱ्यांचे समाधान मात्र सहा महिन्यांनंतरही वाढलेले आढळले. म्हणून मी एक वेगळी वही घातली. पाणी वाढू लागले की यजमानांना रात्री झोप लागत नाही. मग संध्याकाळी ते कोयनेचे क्यूसेक आणि आयर्विनचे फूट मोबाइलवर पाहून सांगतात आणि मी लिहिते. त्या निमित्ताने आम्ही शेजारी बसतो. दुकानात ते अजूनही क्वचितच येतात.

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी त्यांनी आकडा सांगितलाच नाही, नुसते खिडकीबाहेर पाहत राहिले. मी वही मिटली आणि काही न बोलता त्यांच्याजवळ बसून राहिले. रात्री ते झोपल्यावर उठून मी तो आकडा शोधला आणि रिकाम्या रकान्यात लिहिला.