लोखंडाच्या आयनाचे 3.7 नॅनोसेकंद

भौतिकशास्त्राच्या कपाटात लॉगची कोष्टकं अजून असतील, तर हे वाचताना जवळ घेऊन बसा. शाळेच्या आठवणी या स्मरणिकेत इतरजण लिहितीलच. सध्या नववी-दहावीत असलेल्यांसाठी मी माझ्या कामाबद्दल लिहीत आहे, कारण त्याचा पाया त्याच कोष्टकांत आहे.

अणूला किंवा आयनाला (म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेल्या किंवा मिळवलेल्या अणूला) नेमक्या तरंगलांबीचा प्रकाश मिळाला, की त्यातला इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर चढतो आणि थोड्या वेळाने प्रकाश सोडून खाली उतरतो. एकटा आयन कधी उतरेल ते सांगता येत नाही, पण लाखोंचा हिशेब चोख असतो. ठरावीक वेळात प्रकाश 37 टक्क्यांवर येतो, पुन्हा तेवढ्याच वेळात उरलेल्याच्या 37 टक्क्यांवर. हा वेळ म्हणजे त्या पातळीचं आयुर्मान. एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाची 259.94 नॅनोमीटरची अतिनील रेषा घ्या. तिच्या वरच्या पातळीचं आयुर्मान सुमारे 3.7 नॅनोसेकंद आहे (नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग). एवढ्या वेळात प्रकाश 1.1 मीटर जातो, साधारण वर्गातल्या एका बाकाइतका.

ताऱ्यातलं लोखंड मोजायला हा आकडा लागतो. वर्णपटातली काळी रेषा किती गडद, हे आयनांच्या संख्येवर अवलंबून असतं आणि प्रत्येक आयन तो प्रकाश किती तत्परतेने शोषतो, यावरही. दुसरी गोष्ट प्रयोगशाळेतच मोजावी लागते. सूर्याच्या पृष्ठभागावर बहुतांश लोखंड आयनरूपात का असतं, हे भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहांच्या 1920च्या समीकरणाने कळतं. 259.94ची ही रेषा मात्र ओझोनमुळे जमिनीवर पोचत नाही, ती हबलसारख्या अवकाश दुर्बिणीतूनच दिसते.

मोजायची पद्धत अशी. व्हॅक्यूम चेंबरमध्ये शुद्ध लोखंडाची चकती फिरती ठेवतात. तिच्यावर 532 नॅनोमीटरच्या लेझरचा काही मिलीज्यूलचा पल्स (क्षणिक झोत) मारला की आयनांचा फवारा उठतो. चकती फिरती हवी, नाहीतर एकाच जागी खड्डा पडून दर पल्सला फवारा बदलतो. काही मायक्रोसेकंद थांबून, चकतीपासून सुमारे एक सेंटिमीटरवर दुसरा लेझर या फवाऱ्याला आडवा छेदतो. हा डाय लेझर (रंगद्रव्याच्या द्रावणावर चालणारा, तरंगलांबी बदलता येणारा) 519.88 नॅनोमीटरवर लावलेला असतो, आणि स्फटिकातून वारंवारता दुप्पट केली की 259.94 मिळतात. नेहमीचा पल्स सात-आठ नॅनोसेकंद लांब, म्हणजे मोजायच्या आयुर्मानाच्या दुप्पट. म्हणून डाय लेझरला ऊर्जा पुरवणारा पल्स आधी पाण्याच्या लांब नळीतून परतवून एक-दीड नॅनोसेकंदापर्यंत आखूड करतात. खिडक्या आणि भिंगं क्वार्ट्झची लागतात, कारण साधी काच हा प्रकाश गिळते. 190 नॅनोमीटरच्या खाली तर हवेतला ऑक्सिजनही आडवा येतो, मग स्पेक्ट्रोमीटरमधली (प्रकाशातून हवी ती तरंगलांबी वेगळी काढणाऱ्या उपकरणातली) हवासुद्धा काढावी लागते.

या मांडणीतली मला सर्वांत आवडणारी युक्ती म्हणजे उजेड मारायचा एका रेषेवर आणि बघायचं दुसरीवर. तीच वरची पातळी 262.57 नॅनोमीटरवरही उतरते. स्पेक्ट्रोमीटर तिथे लावला, की चेंबरच्या भिंतींवरून विखुरलेला लेझरचा उजेड बाजूला पडतो. फोटोमल्टिप्लायरचा, म्हणजे अंधुक प्रकाशाचं विजेत रूपांतर करणाऱ्या नळीचा, सिग्नल ऑसिलोस्कोपवर (काळानुसार सिग्नलचा आलेख दाखवणाऱ्या यंत्रावर) घेऊन हजारभर पल्सची सरासरी काढतात. सेकंदाला दहा पल्स असतील, तर शंभर सेकंदांत काम होतं.

खरे कष्ट त्यानंतर सुरू होतात, कारण वक्र दिसायला सुरेख आणि आकडा चुकीचा, असं सहज घडतं. फवारा दाट असेल तर एका आयनाने सोडलेला प्रकाश शेजारचा पकडतो, पुन्हा सोडतो, आणि आयुर्मान खोटं लांबतं. शुद्ध लोखंडात हा धोका मोठा असतो. फोटोमल्टिप्लायरवर उजेड जास्त पडला तर शिखर चेपतं आणि आकडा तसाच वाढतो. उलट, आयन स्लिटच्या (स्पेक्ट्रोमीटरच्या तोंडाशी असलेल्या अरुंद फटीच्या) टप्प्यातून निसटले तर आयुर्मान खोटं घटतं. ते सेकंदाला काही किलोमीटर धावतात. 3.7 नॅनोसेकंदांत हे अंतर नगण्य, पण मायक्रोसेकंदाएवढं आयुर्मान असलेल्या पातळ्यांना ते चांगलंच नडतं. म्हणून दोन लेझरमधला वेळ, पहिल्याची ऊर्जा, स्लिटची रुंदी, सगळं बदलून पाहायचं. आकडा हलला, तर तो अजून आयनाचा नाही, उपकरणाचा आहे. मला ही तपासणी मोजणीपेक्षाही महत्त्वाची वाटते.

आकडा टिकला की पुढचा भागाकार सोपा आहे. या पातळीवरून सुटणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे 87 टक्के 259.94च्या रेषेत जातो. 0.87ला 3.7 नॅनोसेकंदांनी भागा, सेकंदाला सुमारे 23.5 कोटी येतात. हीच त्या रेषेची संक्रमण-संभाव्यता, म्हणजे आयन ती रेषा सोडून खाली उतरण्याचा सेकंदाचा दर, आणि ताऱ्याच्या हिशेबात ती वापरतात.

आता कोष्टकं उघडा. सरावासाठी हे आकडे घ्या: 0, 5, 10 आणि 15 नॅनोसेकंदांना प्रकाश 1000, 259, 67 आणि 17. लॉग काढून आलेखावर मांडा. सरळ रेघ येईल, तिचा उतार नॅनोसेकंदाला साधारण 0.117. एका आयुर्मानात प्रकाश 37 टक्क्यांवर येतो, तेव्हा लॉग 0.434ने घटतो, म्हणून 0.434ला त्या उताराने भागलं की 3.7. मग प्रत्येक आकड्यात 20 मिळवा, म्हणजे वजा करायची राहून गेलेली पार्श्वभूमी: 1020, 279, 87, 37. रेघ शेवटाकडे वाकलेली दिसेल. तिकडे काणाडोळा करून पहिला आणि शेवटचा बिंदू पट्टीने जोडलात, तर आयुर्मान 4.5 नॅनोसेकंद येईल.