पाइपची जाडी
कांदिवलीच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये मी पीव्हीसी पाइपची लाइन चालवतो. प्लास्टिक वितळवलं की झालं, असं लोकांना वाटतं. पीव्हीसी तसं नाही. १८०-१९० अंशांच्या आसपास ते छान वाहतं, पण स्टॅबिलायझर (उष्णतेत पीव्हीसी बिघडू न देणारा पदार्थ) कमी पडला किंवा माल बॅरलमध्ये, म्हणजे मशीनच्या तापलेल्या नळकांड्यात, रेंगाळला, की पिवळा पडतो, करपतो आणि हायड्रोजन क्लोराइडचा झोंबणारा वायू सुटतो. म्हणून पीव्हीसीच्या पावडरीसाठी माल पुढे ढकलणाऱ्या दोन स्क्रूंचं मशीन. एचडीपीई या दुसऱ्या प्लास्टिकच्या दाण्याला एक स्क्रू पुरतो.

डायमधून, म्हणजे मशीनच्या तोंडाशी असलेल्या साच्यातून, निघालेला मऊ पाइप व्हॅक्यूम टाकीत आकार धरतो. पुढून जास्त वेगाने ओढला, की भिंत पातळ होते. स्वस्त माल हवा असणारे नेमकी हीच जाडी कमी करायला सांगतात. मी करत नाही. हा पाइप शेतात पंपाचा दाब झेलणार असतो. उन्हाळाभर मागणी तिकडूनच येते, पाऊस लागला की थंडावते.