थंड काय घेणार?

आमच्या घरात ‘थंड’ हे नाम होतं. “चहा घेणार की थंड?” असं आई पाहुण्यांना विचारायची आणि पाहुणे “थंड चालेल” म्हणाले की मला आनंदाच्या उकळ्या फुटायच्या. चहा घरात होता, थंड मात्र दुकानातून आणावं लागे, आणि आणणारा मी. सदाशिव पेठेतल्या वाड्यातून कोपऱ्यावरच्या दुकानात जायचं, बाटल्यांचं डिपॉझिट भरायचं आणि दोन गोल्ड स्पॉट नि एक लिम्का कापडी पिशवीत घालून, बाटल्या एकमेकींवर आपटू न देता परत यायचं. तीन बाटल्या, पाच पेले. आई ओतताना पेल्यांच्या काठाशी डोळा नेऊन सगळीकडे सारखं झालंय का ते बघायची. पाहुणे जाईपर्यंत मागायचं नाही हा नियम. बूच मात्र लगेच माझं.

हे ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीचं. १९७७ मध्ये परकीय चलनाच्या कायद्यावरून कोका-कोला भारत सोडून गेली होती. उद्योगमंत्री जॉर्ज फर्नांडिस यांच्या काळात सरकारने स्वतःचं ‘डबल सेव्हन’ नावाचं कोला काढलं, त्याचं नाव निघालं तरी बाबा तोंड वाकडं करायचे. थम्स अप त्याच वर्षीचं, ते मात्र टिकलं. शिवाय थंड म्हणजे कंपनीचंच असं काही नव्हतं. मंडईजवळ गोळीवाला सोडा मिळे. अंगठ्याने गोळी आत दाबली की बाटली जी किंचाळायची, त्या आवाजाचेच अर्धे पैसे. कॅम्पात काकांबरोबर गेलो तर अर्देशिरची रासबेरी. १८८४ पासूनचं हे दुकान पुण्याचं स्वतःचं. ती रासबेरी प्यायल्यावर जीभ लाल व्हायची आणि मी ती वाड्यातल्या सगळ्यांना दाखवत फिरायचो.

आता गेल्या महिन्यातली गोष्ट. रक्त तपासलं, तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा ६.१ आला. मधुमेह नाही, पण त्याच्या उंबरठ्यावर. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “कोल्ड्रिंक वगैरे घेता का?” मी म्हणालो, “कधीतरी.” त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “कधीतरी म्हणजे कधी?”

घरी येऊन मागच्या आठवड्याचा हिशेब मांडला. मंगळवारी ऑफिसात कुणाचं तरी प्रमोशन. गुरुवारी कात्रजच्या ट्रॅफिकमध्ये तास गेला म्हणून सिग्नलजवळच्या टपरीवर. शनिवारी रिसेप्शन. रविवारी मुलांनी पिझ्झा मागवला, त्याबरोबर सव्वा लिटरची बाटली आली आणि तिच्यातलं उरलेलं सोमवारी मीच संपवलं, कारण टाकवत नाही. अन्न टाकायचं नाही हा संस्कार असा भलत्याच ठिकाणी अंगाशी येतो. म्हणजे आठवड्यात पाच वेळा ‘कधीतरी’.

मग जरा खोलात शिरलो. बाटलीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं: १०० मिलिलिटरला सुमारे साडेदहा ग्रॅम साखर. आमच्याकडे केक करण्यासाठी घेतलेला छोटा वजनकाटा आहे. त्यावर आमटीची वाटी ठेवली आणि ६०० मिलिलिटरच्या बाटलीची साखर चमच्याने घालायला घेतली. चार, पाच, सहा... दहाव्या चमच्याला बायको स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, “शिरा करतोयस का?” सोळाव्या चमच्याला काटा ६३ वर आला. वाटी अर्ध्याच्या वर भरली होती. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलं की अशी वरून घातलेली साखर दिवसाच्या उष्मांकाच्या दहा टक्क्यांच्या आत असावी, आणि पाच टक्क्यांच्या आत राहिली तर आणखी बरं. पाच टक्के म्हणजे २५ ग्रॅमच्या आसपास, साधारण सहा चमचे.

एवढी साखर कुणी चहात घातली तर पहिल्या घोटाला कप खाली ठेवू. इथे ती कळतच नाही, कारण थंडपणा गोडवा दाबतो, आणि कोला असेल तर फॉस्फोरिक अ‍ॅसिडचा आंबटपणा नि गॅसची चुरचुर उरलेलं काम करतात. ते सोमवारचं गॅस गेलेलं, कोमट झालेलं कोला आठवा. काकवी! ती चव खरी, बाकी सगळी सजावट. शिवाय प्यायलेली साखर पोटाला नीटशी कळत नाही. दोन पोळ्या जास्त खाल्ल्या तर रात्री आपण हात आखडता घेतो, बाटलीनंतर कुणी एक घासही कमी खात नाही.

“पण तू तर काटकुळा आहेस,” असं मित्र म्हणाला. या वाक्याचं उत्तर पुण्यातच सापडतं. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. आपण दिसायला बारीक आणि आतून लठ्ठ. तेव्हा आरशाच्या भरवशावर बाटली उघडण्यात अर्थ नाही.

गंमत बघा, या पेयांवरून आपल्याकडे सर्वांत मोठा गदारोळ झाला तो साखरेवरून झालाच नाही. २००३ मध्ये दिल्लीच्या ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट’ने बारा ब्रँडमध्ये कीटकनाशकांचे अंश सापडल्याचं जाहीर केलं. संसदेची संयुक्त समिती बसली, अध्यक्ष आपले शरद पवार, आणि २००४ मध्ये समितीने संस्थेचे निष्कर्ष बरोबर ठरवले. कीटकनाशक लपलेलं होतं म्हणून लोक खवळले. साखर उजळ माथ्याने बाटलीवर छापलेली आहे, तिच्यावर रागावणार कोण? त्यात आपला जिल्हा साखर कारखान्यांचा.

त्याच सुमाराला टीव्हीवर ‘ठंडा मतलब कोका-कोला’ चालू होतं आणि २०० मिलिलिटरची बाटली पाच रुपयांना आली होती. आईचा अख्खा शब्दच कंपनीने उचलून नेला. आता तर या पेयांवर ४० टक्के जीएसटी आहे, सिगारेटच्या पंगतीला बसवलंय त्यांना. तरी २०२३ मध्ये कॅम्पा हे जुनं देशी कोला परत आलं ते २०० मिलिलिटर दहा रुपयांत. वीस वर्षांत घरं, पेट्रोल, शाळांच्या फिया कुठल्या कुठे गेल्या, आणि बाटली पाचावरून दहावर. आमच्या चौकातल्या रसवंतीत उसाचा साधा ग्लाससुद्धा वीसला आहे.

आता इथे ‘आमच्या आजीचं पन्हं’ असं काही लिहायला हात शिवशिवतात, पण आजीचं पन्हं मी पाहिलंय. एक वाटी गर, दोन वाट्या गूळ. साखरेच्या बाबतीत आजीने कुठल्याही कंपनीला हार मानली नसती. फक्त ते चैत्रात व्हायचं, हळदीकुंकवाला, चांदीच्या वाटीएवढं, आणि मग पुढच्या चैत्रापर्यंत आजी पन्ह्याचं नाव काढत नसे.

काल संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो. दारातच काचेच्या दाराचा उंच फ्रिज, कंपनीने दिलेला, वर कंपनीचं नाव, आत दिव्यांचा लखलखाट. वरचे चारही कप्पे लाल, काळे, हिरवे. दुकानदाराने सवयीने विचारलं, “बोला साहेब, थंड काय देऊ?”

“ताक आहे?”

त्याने रस्त्याकडे एकदा पाहिलं. मग खाली उकिडवा बसला, सर्वांत खालच्या कप्प्यातल्या पुढच्या सहा बाटल्या एकेक करून फरशीवर काढल्या, खांद्यापर्यंत हात आत घातला आणि ताकाची पिशवी बाहेर काढली.

“मागे ठेवावं लागतं,” तो पिशवी पुसत म्हणाला. “कंपनीचा माणूस येतो ना बघायला. त्यांच्या फ्रिजमध्ये दुसरं काही ठेवलेलं चालत नाही.”

“किती झाले?”

“पंधरा,” तो म्हणाला, आणि सहाच्या सहा बाटल्या, नावं पुढे करून, पुन्हा रांगेत लावायला लागला.