एकावर एक तीन कुंड्या

पहिल्यांदा रचलेला मनोरा चौथ्या दिवशी कलला. सकाळी पाणी घालायला गेले तर मधली कुंडी एका अंगाने खाली बसली होती आणि तिच्या भाराने खालच्या कुंडीला काठापासून बुडापर्यंत तडा गेला होता. बागेच्या कोपऱ्यात तीन कुंड्या एकावर एक रचायच्या आणि प्रत्येकीच्या कडेने फुलं लावायची, एवढंच मनात होतं. पण ते नीट उभं राहायला दोन महिने गेले.

चूक साधी होती. खालची कुंडी भुसभुशीत मातीने भरली, त्या मातीवर दुसरी ठेवली, दुसरीत तिसरी. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखत मिसळलेली माती मुळांना हवी तशी हलकी असते, पण पाणी पडलं की तीच माती बसते आणि सगळीकडे सारखी बसत नाही. वरच्या ओल्या कुंड्यांचं ओझं तिच्यावर टाकायलाच नको होतं.

मापंही चुकली होती. 12 इंची कुंडीत 10 इंची ठेवली तर भोवती जेमतेम इंचभर जागा उरते. रोप खोचताना त्यात माझी बोटं मावेनात, मुळं दुमडून दाबावी लागली. दुसऱ्या वेळी 14, 10 आणि 6 इंच व्यासाच्या कुंड्या घेतल्या. काठापाशी दोन इंचांची जागा दिसते, पण वरची कुंडी बुडाकडे निमुळती असल्यामुळे आत मुळांना त्याहून बरीच ऐसपैस जागा मिळते.

आधी जमीन चोपून, पाणसळ (सपाटी दाखवणारी बुडबुड्याची पट्टी) लावून सपाट केली आणि खालच्या भोकातून पाणी निघावं म्हणून खडीचा पातळ थर दिला. मग तिन्ही कुंड्या भोकातून ओवायला 10 मिमीची सळई, सव्वातीन फूट लांब. दीड फूट जमिनीत ठोकली, उरलेली वर. दोन बाजूंनी ओळंबा (दोरीला टांगलेलं वजन) धरून पाहिला, कारण सळई तिरपी गेली तर पुढे काहीच सरळ होत नाही. तिरप्या, लवंडल्यासारख्या दिसणाऱ्या रचनाही लोक हौसेने करतात, पण मला सरळ उभा मनोराच आवडतो. सळईचं वरचं टोक सगळ्यात वरच्या कुंडीच्या मातीत लपतं.

सगळ्यात लहान कुंडीच्या भोकातून सळई जाईना. कुंडी रात्रभर पाण्यात ठेवली आणि सकाळी फळीवर टेकवून ड्रिलच्या मेसनरी बिटने (विटा-दगडाला भोक पाडायच्या पात्याने) भोक वाढवलं. ड्रिल हळू फिरवायचं, ठोके देणारं हॅमरचं बटण बंद ठेवायचं, जोर द्यायचा नाही. भाजलेली माती लाल चिखलासारखी बिटभोवती जमत गेली आणि भोक रुंद झालं, तडा गेला नाही. बाकीच्या दोन कुंड्याही भिजवल्या. कोरडी कुंडी पाण्यात सोडली की तिच्या अंगातून बारीक बुडबुड्यांच्या माळा निघतात. त्या थांबेपर्यंत ठेवायची. नाहीतर नव्या रोपाच्या मातीतली ओल ती स्वतःच शोषून घेते.

मनोरा खरा उभा राहिला तो उपड्या कुंड्यांमुळे. 14 इंचीच्या आत एक जुनी कुंडी उपडी घालून सळईत ओवली, तिचं बूड मोठीच्या काठापेक्षा दोन इंच खाली येईल अशी. 10 इंचीत तशीच आणखी लहान. वरच्या कुंडीचा भार या उपड्या कुंडीवर येतो, भोवतीची माती मोकळी राहते. उपड्या कुंडीचा काठ तळाला चिकटून बसला तर बाहेरच्या मातीतलं पाणी अडतं. म्हणून तिच्याखाली तीन खापऱ्या ठेवल्या, पहिल्या वेळी फुटलेल्या कुंडीच्याच. मग थोडी थोडी माती घालत, बोटांनी हलकी दाबत, काठाखाली इंचभर राहील इतकी भरली. सिमेंट किंवा गोंद कुठेही लावला नाही. माती बदलायची झाली की कुंड्या सळईतून वर उचलून काढता येतात.

वर चिनी गुलाब, मध्ये पांढरं ॲलिसम, खाली जांभळा पेटुनिया. लहान कुंडी सगळ्यात लवकर सुकते, आणि चिनी गुलाबाची मांसल पानं ते सोसतात.

तरी दोन आठवड्यांत पेटुनिया मलूल झाला. मी वरच्या कुंडीत पाणी घालत होते आणि तळातून पाणी निघालं की सगळ्यांना पोचलं असं धरून चालत होते. खालच्या मातीत बोट घातलं तर दोन पेरांपर्यंत कोरडी ठाक. वरचं पाणी सळईच्या कडेने भोकातून उतरून उपड्या कुंडीच्या पोकळीतून थेट बाहेर जात होतं, कडेच्या मातीला ते शिवतही नव्हतं. उपडी कुंडी हवी असेल तर हे असंच होणार.

तेव्हापासून बारीक चोचीची झारी घेऊन प्रत्येक मजल्याला वेगळं पाणी घालते, मातीला बोट लावून. वरच्या कुंडीला उन्हात रोज लागतं, खालच्या मोठीला कधी कधी तिसऱ्या दिवशी. आठवड्याने पेटुनियाने नवे शेंडे धरले. आता तो 14 इंचीच्या काठावरून खाली लोंबतो आहे आणि ओळंबा लावला तर दोरी अजून मधल्या सळईच्या रेषेतच येते.