हुर्राक ७८ अंशांवर उतरत नाही

काजूचा हंगाम आला की एक वाक्य हमखास वाचायला मिळतं: अल्कोहोल ७८ अंशांवर उकळतं, पाणी १०० वर, म्हणून भट्टीत आधी अल्कोहोल निघून येतं आणि पाणी मागे राहतं. तसं असतं तर पहिल्या उकळीत उतरणाऱ्या हुर्राकाची फेणी करायला भाण, म्हणजे रस उकळायचं भांडं, दुसऱ्यांदा चढवावंच लागलं नसतं.

७८.४ हा आकडा निव्वळ अल्कोहोलचा. बोंडूंच्या, म्हणजे काजूच्या फळांच्या, आंबलेल्या रसात पाणीच जास्त. वजनाने ५ टक्के अल्कोहोल धरलं, तर उकळी फुटते ९५ अंशांच्या आसपास. वाफेत दोन्ही असतात, पण अल्कोहोलचा वाटा वाढून साधारण एक तृतीयांश होतो. पुढे भाणातलं अल्कोहोल कमी होत जातं, तापमान १०० कडे सरकतं आणि धार फिकी पडते. ही सगळी धार एकत्र केली की १५ टक्क्यांच्या आसपासचं हुर्राक. त्यात पुन्हा आंबलेला रस घालून उकळलं की ४२-४३ टक्क्यांची फेणी. साध्या पाण्यातला बर्फ मात्र शेवटचा तुकडा विरेपर्यंत शून्यावरच राहतो. ही शिस्त शुद्ध पदार्थांची, मिश्रणांची नव्हे.

भट्टीचं खरं काम जाळापेक्षा गारव्याचं आहे. एक किलो पाण्याची वाफ करायला २,२५७ किलोज्यूल लागतात, आणि वाफेचं पुन्हा पाणी होताना तेवढेच बाहेर पडतात. एक लिटर हुर्राक होईल एवढी वाफ निववायची आणि गार करणारं पाणी ३० वरून ६० अंशांपर्यंत तापू द्यायचं, तर असं पाणी सुमारे १८ लिटर लागतं. म्हणूनच जुन्या पद्धतीत लावणीवर, म्हणजे वाफ निवते त्या मडक्यावर, सतत पाणी ओततात; आता बऱ्याच ठिकाणी टाकीतली तांब्याची कॉईल असते. टाकीतलं वरचं पाणी आधी तापतं, त्यामुळे ताजं पाणी तळाशी सोडायचं आणि गरम पाणी वरून जाऊ द्यायचं. उलट केलंत तर गरम पाणी वरच साचून राहतं.

पाणी कमी पडलं की नळीच्या तोंडाशी वास दरवळतो. तो वास म्हणजे निसटलेला माल, आणि खाली जाळ असताना पेट घेणारी वाफही. सांध्यावरची चिकणमाती तडकली तरी तेच; जाळ आधी ओढायचा, मग माती लिंपायची.

हुर्राक गढूळ उतरलं तर दोष बहुधा जाळाचा. रस धडाधडा उकळला की फेस नळीत चढतो आणि वाफेबरोबर रसाचे थेंबही जातात. चोथा न गाळता भरलेला रस तळाशी करपतो, आणि तो करपट वास दुसऱ्या उकळीतही पुरता जात नाही.