तुम्ही विचारलंत म्हणून: मॉड्यूल एकमेकांना ओळखत नसतील, तर स्क्रीन उघडायची कशी?

कामावर नव्याने रुजू झालेले सहकारी आणि अँड्रॉइड शिकणारे विद्यार्थी मला एक प्रश्न वारंवार विचारतात. अ‍ॅपचे मॉड्यूलांमध्ये, म्हणजे कोडच्या वेगवेगळ्या भागांमध्ये, विभाजन केलेले असते. ऑर्डर एका मॉड्यूलमध्ये, पेमेंट दुसऱ्यात, प्रोफाइल तिसऱ्यात. ऑर्डरच्या स्क्रीनवरून पेमेंटच्या स्क्रीनवर जायचे असते आणि पैसे भरून झाल्यावर ऑर्डरच्या पावतीवर यायचे असते. मात्र ऑर्डरने पेमेंटवर आणि पेमेंटने ऑर्डरवर डिपेंडन्सी घेतली, म्हणजे दोघांनी एकमेकांचा कोड वापरायला घेतला, की ग्रेडल हे बिल्ड करणारे साधन वर्तुळ झाल्याचे सांगून बिल्ड थांबवते. मग जायचे कसे?

‘डीप लिंक वापरा’, म्हणजे स्क्रीनला वेबपानासारखा पत्ता देऊन त्या पत्त्याने ती उघडा, एवढे सांगून मोकळे होणे मला शक्य आहे, पण ते मला पटत नाही. डीप लिंक स्वीकारली, की कंपाइलर (कोडचे रूपांतर करताना चुका पकडणारा प्रोग्रॅम) आजवर जी राखण करीत होता ती आपल्या अंगावर येते, आणि ही गोष्ट माहीत नसताना घेतलेली डीप लिंक पुढे फार त्रास देते.

गूगलने २०१८ साली जेटपॅक या अँड्रॉइड लायब्ररींच्या संचाबरोबर नॅव्हिगेशन कंपोनंट (स्क्रीनमधली ये-जा सांभाळणारी लायब्ररी) आणला. त्यात प्रत्येक फीचर मॉड्यूल आपल्या स्क्रीनचा स्वतंत्र ग्राफ, म्हणजे कोणत्या स्क्रीन आहेत आणि त्यांकडे कसे जायचे याचा आराखडा, ठेवू शकते आणि सर्वांत वरचे अ‍ॅप मॉड्यूल हे सगळे ग्राफ आपल्या ग्राफमध्ये समाविष्ट करते. अ‍ॅप मॉड्यूल सर्वांना ओळखते. फीचर मॉड्यूल मात्र एकमेकांना ओळखत नाहीत. त्यामुळे पेमेंटच्या कोडमध्ये पावतीच्या स्क्रीनचा आयडी दिसतच नाही. पत्ता मात्र दिसण्याची गरज नसते, कारण पत्ता ही साधी अक्षरांची ओळ असते. ‘दुकान://ऑर्डर/४५१/पावती’ असा पत्ता (कोडमध्ये अर्थातच रोमन अक्षरांत) पेमेंटने नॅव्हिगेशन कंट्रोलरकडे (प्रत्यक्ष स्क्रीन बदलणाऱ्या भागाकडे) दिला, की तो अ‍ॅप चालू असताना पूर्ण ग्राफमध्ये त्याच्याशी जुळणारी स्क्रीन शोधतो आणि ४५१ हा क्रमांक त्या स्क्रीनच्या हाती देतो. पेमेंटला ऑर्डरच्या एकाही क्लासचे नाव ठाऊक असावे लागत नाही.

हे पहिल्यांदा चालताना पाहिले तेव्हा मला फार समाधान वाटले होते. काही महिन्यांनी आमच्या अ‍ॅपची नवी आवृत्ती बाहेर पडली आणि पैसे भरून झाल्यावर ‘पावती पाहा’ या बटणावर बोट ठेवताच अ‍ॅप बंद पडू लागले. ऑर्डर सांभाळणाऱ्या सहकाऱ्याने पत्त्यातला एक शब्द अधिक नेमका केला होता. तो बदल योग्यच होता आणि त्याने आपल्या मॉड्यूलमधल्या सर्व जागाही बदलल्या होत्या. पेमेंटमध्ये मात्र जुना शब्द मी स्वतः हाताने लिहिलेला होता. बिल्ड झाला, दोन्ही मॉड्यूलांच्या चाचण्या पार पडल्या, कारण दोन्ही मॉड्यूल आपापल्या जागी बरोबर होते. ग्राफमध्ये असा पत्ता सापडत नाही, हे कंट्रोलरने सांगितले ते ग्राहकाच्या फोनवर, आणि तेही त्याचे पैसे नुकतेच खात्यातून गेलेले असताना.

त्या दिवसापासून मी दोन गोष्टींबाबत आग्रही आहे. पहिली अशी, की कोणत्याही फीचर मॉड्यूलमध्ये पत्ता हाताने लिहू नये. सर्व पत्ते एका लहानशा स्वतंत्र मॉड्यूलमध्ये असावेत, ज्यात स्क्रीन नाहीत, नेटवर्क नाही, केवळ पत्ते तयार करणारी फंक्शन्स आहेत. पावतीचा पत्ता हवा असेल तर ऑर्डरचा क्रमांक देऊन तो त्या फंक्शनकडूनच मागावा. दुसरी अशी, की अ‍ॅप मॉड्यूलमध्ये एक चाचणी असावी, जी या यादीतील प्रत्येक पत्ता घेऊन ग्राफला विचारील, की हा तुझ्याकडे आहे का. सगळे ग्राफ एकत्र येतात ते अ‍ॅप मॉड्यूलमध्येच, म्हणून ही चाचणी दुसरीकडे कुठेही लिहून उपयोगाची नाही. आमच्याकडे ही चाचणी आधी असती, तर ती आवृत्ती बाहेर पडलीच नसती.

पत्त्यात काय घालावे, याविषयीही थोडे सविस्तर सांगते, कारण मराठीत लिहिणाऱ्यांच्या अ‍ॅपना ही अडचण लवकर भेटते. यूआरआयमध्ये, म्हणजे अशा पत्त्यात, देवनागरी अक्षरे थेट जात नाहीत; प्रत्येक अक्षरचिन्हाचे यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत ३ बाइट होतात आणि प्रत्येक बाइट टक्केचिन्ह व दोन अंक-अक्षरे अशा ३ चिन्हांनी लिहिला जातो. ‘पुणे’ या शब्दात मात्रा धरून ४ चिन्हे आहेत, म्हणजे पत्त्यात त्याची ३६ होतात, ‘कोल्हापूर’ची ८१. लांबीचे फारसे वाईट वाटायला नको, पण हे रूपांतर न करता शोधशब्द तसाच पत्त्यात जोडला तर दोष कसा लपून बसतो ते पाहा. अँड्रॉइड असा पत्ता बहुधा सहन करते, म्हणून ‘पोहे’ शोधले की सर्व ठीक दिसते. मग कोणीतरी शब्दांच्या मध्ये ‘&’ हे चिन्ह टाकून ‘चहा & नाश्ता’ असे शोधतो, आणि त्या चिन्हानंतरचा मजकूर दुसरेच काही समजून गाळला जातो; स्क्रीनला मिळतो तो केवळ चहा. म्हणून रूपांतर हे पत्ता तयार करणाऱ्या फंक्शननेच करावे, ते फंक्शन वापरणाऱ्यावर सोडू नये. आणि संपूर्ण ऑर्डरचा मजकूर पत्त्यात कोंबण्याचा मोह तर मुळीच धरू नये. क्रमांक पाठवावा, पुढच्या स्क्रीनने तो घेऊन माहिती आपल्या भांडारातून वाचावी. तसे केले तर माहिती ताजीही राहते.

बॅक बटणाचा प्रश्न याच्याशीच जोडलेला आहे. अ‍ॅपच्या आतून कंट्रोलरला पत्ता दिला, तर नवी स्क्रीन आधीच्या स्क्रीनवर येऊन बसते आणि मागे गेल्यावर आधीची दिसते. नोटिफिकेशनसाठी कंपोनंटच्याच साहाय्याने तयार केलेली लिंक मात्र उघडलेल्या स्क्रीनची आधीची चळत रिकामी करते आणि मुख्य स्क्रीनपासून इष्ट स्क्रीनपर्यंतची नवी चळत उभी करते, म्हणजे मागे गेल्यावर मनुष्य अ‍ॅपच्या मुखपृष्ठाकडे येतो. तिसरा प्रकार दुसऱ्या अ‍ॅपमधून, समजा व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या लिंकवरून, येण्याचा. तिथे नव्या टास्कचा फ्लॅग (स्वतंत्र चळतीत उघडण्याची खूण) लावलेला नसेल तर बॅक बटण त्याला परत संभाषणाकडे नेते. आमच्या तपासनिसांनी हे दोष म्हणून नोंदवले होते. मला ते योग्य वर्तन वाटते, कारण तो मनुष्य संभाषण अर्धे सोडून आलेला असतो.

बाहेरून येणाऱ्या पत्त्यांबाबत एक सावधगिरी आवश्यक आहे. आपली स्वतःची स्कीम, म्हणजे पत्त्यातला ‘://’च्या आधीचा भाग, दुसरे कोणतेही अ‍ॅप नोंदवू शकते, आणि आपल्या अ‍ॅपला कोणीही कसलाही पत्ता पाठवू शकते. पावतीच्या स्क्रीनने ४५१ हा क्रमांक मिळाला म्हणून लगेच पावती दाखवू नये. ती ऑर्डर लॉगिन केलेल्या व्यक्तीची आहे का, हे सर्व्हरने तपासलेच पाहिजे. बाहेर वाटायच्या लिंक स्वतःच्या डोमेनच्या, एचटीटीपीएसच्या असाव्यात आणि त्या डोमेनवर पडताळणीची फाइल ठेवलेली असावी. अँड्रॉइड १२ पासून पडताळणी न झालेली वेब लिंक अ‍ॅपऐवजी ब्राउझरमध्येच उघडते. दुसऱ्याच्या सेवेवर तयार केलेल्या लिंकचे काय होते, हे गूगलने २५ ऑगस्ट २०२५ रोजी फायरबेस डायनॅमिक लिंक्स ही आपली लिंक-सेवा बंद केल्यावर अनेकांनी अनुभवले.

मग प्रत्येक ठिकाणी डीप लिंकच वापरावी का? माझे मत तसे नाही. ज्या स्क्रीनवर बाहेरूनही येता आले पाहिजे, म्हणजे पावती, ऑर्डरचा तपशील, एखादी वस्तू, तिला पत्ता असणे स्वाभाविक आहे, आणि आतूनही तोच पत्ता वापरावा. पण पेमेंटच्या मधल्या पायऱ्यांसारख्या, केवळ आतूनच उघडणाऱ्या स्क्रीनसाठी सामायिक मॉड्यूलमध्ये एक इंटरफेस (कोणती फंक्शन्स असतील एवढेच सांगणारा करार) ठेवून त्याची अंमलबजावणी अ‍ॅप मॉड्यूलने करणे मला अधिक पसंत आहे, कारण तिथे चूक झाली तर बिल्ड लगेच अडतो. कंपोज (स्क्रीन कोटलिन भाषेत लिहिण्याची लायब्ररी) वापरणाऱ्यांना नॅव्हिगेशन कंपोनंटच्या २०२४ मधल्या २.८ आवृत्तीपासून कोटलिनच्या क्लासनेच मार्ग लिहिण्याची सोय मिळाली आहे. मार्गांचे ते क्लास सामायिक मॉड्यूलमध्ये ठेवले, तर चुकीच्या शब्दाची भीती बरीच कमी होते.

पावतीच्या त्या जुन्या पत्त्याविषयी शेवटचे सांगते. आम्ही तो काढून टाकला नाही. एका स्क्रीनला एकाहून अधिक डीप लिंक देता येतात, म्हणून तो नव्या पत्त्याच्या शेजारीच लिहून ठेवला आहे. ग्राहकांच्या फोनवर पूर्वी पोहोचलेल्या नोटिफिकेशन आणि संदेशांमध्ये तोच पत्ता आहे, आणि त्यावर बोट ठेवले की आता पावती उघडते.