कमळगडाची धार आणि कावेची विहीर

पावसाळ्यातल्या सह्याद्रीचे कौतुक सगळेच करतात, पण कातळाला हात लावून चढायचे असेल तर त्यासाठी डिसेंबरच हवा, असे माझे पक्के मत आहे. शेवाळ वाळून गेलेले असते, गवत पिवळे पडून पायवाटा मोकळ्या झालेल्या असतात आणि हवा इतकी स्वच्छ असते की समोरच्या डोंगराची घळ अन् घळ मोजून घ्यावी. आम्ही तिघे मित्र कमळगडाला गेलो तो दिवस असाच होता. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता, वारा बेताचा होता आणि ऊन अंगावर घ्यावेसे वाटत होते.

वाई तालुक्याच्या पश्चिमेला महाबळेश्वर, कोळेश्वर आणि रायरेश्वर ही तीन पठारे साधारण समांतर पसरलेली आहेत. त्यांतल्या मधल्या कोळेश्वराच्या पूर्व अंगाला, समुद्रसपाटीपासून सुमारे ४५०० फूट उंचीवर कमळगड उभा आहे. दक्षिणेला कृष्णेचे खोरे, उत्तरेला वाळकी नदीचे, आणि दोन्हीकडचे पाणी शेवटी धोमच्या जलाशयात. त्यामुळे गडाकडे नेणाऱ्या डोंगरधारेवर पाऊल ठेवले की आपण दोन नद्यांच्या मधल्या बांधावरून चालत आहोत, हे नकाशा न उघडताही कळते.

वाईहून जोर गावाच्या रस्त्याने नांदगण्यात उतरलो आणि गावामागची दमवणारी चढण चढून धारेवर आलो. त्या चढणीबद्दल यापेक्षा अधिक लिहिण्यासारखे काही नाही. मळलेली वाट पुढे जांभूळ, हिरडा आणि अंजनीच्या गर्द झाडीतून गोरखनाथाच्या मंदिराकडे जाते. आम्ही मात्र जिथे जमेल तिथे ती वाट सोडून धारेच्या उघड्या माथ्यावरूनच गेलो, कारण खरा आनंद तिथे होता. काही ठिकाणी पाऊलभर रुंदीचा दगडी कणा, मध्येच पुरुषभर उंचीचा कातळटप्पा, त्यावर हातापायांनी चढायचे, पलीकडे बसत बसत उतरायचे, आणि पुन्हा चालू लागायचे. हा सगळा काळा दगड सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. थरावर थर साचत गेल्यामुळे सह्याद्रीच्या कड्यांना पायऱ्यापायऱ्यांचा आकार आला आहे, हे आपण लांबून नेहमीच पाहतो. पण त्याच पायरीच्या काठावर बोटे रुतवून अंग वर खेचताना दगड नाकाच्या अगदी जवळ येतो. लाव्हा थिजताना अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांची भोके त्यात दिसतात, आणि काही भोकांत साखरेच्या दाण्याएवढे पांढरे स्फटिक उन्हाने चमकत असतात. पकडीसाठी असा दगड फार भरवशाचा. दगा देते ते त्याच्या काठावरचे वाळलेले गवत, म्हणून गवताला धरून कधीही वर चढू नये.

मंदिरापुढच्या सपाटीवर एक घर लागले. अंगणात बसलेल्या आजींनी आम्हाला लांबूनच हाक मारली, “आवं पावणं, वाईच टेका की, ताक घ्या.” पितळेच्या तांब्यातून त्यांनी दिलेले गार, पातळ, मीठ टाकलेले ताक मी दोनदा मागून घेतले. पैसे द्यायला गेलो तेव्हा, “ताकाचं कुटं पैसं घेत्यात व्हय बाळा?” म्हणून त्यांनी माझा हात बाजूला सारला. ज्या घरात पिण्याचे पाणीसुद्धा डोक्यावरून आणावे लागते, त्या घराने अनोळखी माणसाला आधी बसायला आणि प्यायला द्यावे, हे पाहिल्यावर महामार्गावरच्या एखाद्या हॉटेलातल्या आतिथ्याची आठवणही काढवत नाही.

शेवटच्या कातळाला हात लावून आम्ही माथ्यावर पोहोचलो. कमळगडाला बुरुज आणि दरवाजांचा थाट नाही. माथा तीन-चार एकरांचा, गवत आणि झुडपांनी भरलेला, मध्ये बांधकामाचे तुटके अवशेष. लोकांच्या तोंडी असते ती इथली कावेची विहीर. विहीर म्हटल्यावर गोल कठडा आणि रहाट डोळ्यांपुढे येतो, पण ही आहे जमिनीला पडलेली अरुंद, खोल चीर. तिच्यात ५०च्या आसपास पायऱ्या थेट डोंगराच्या पोटात उतरतात.

पहिल्या दहा पायऱ्यांतच अंगावरचे ऊन संपले आणि गारवा लागला. जसजसे खाली जावे तसतसा काळा दगड मागे राहतो आणि दोन्ही बाजूंच्या भिंती तांबड्या होत जातात. दोन लाव्हाथरांच्या मध्ये अडकून भाजून निघालेल्या मातीचे लाल पट्टे सह्याद्रीच्या कड्यांत अनेक ठिकाणी दिसतात. इथे तांबड्या रंगाच्या मधोमध उभे राहता येते. तळाशी ओल होती. मी भिंतीवर अलगद बोट टेकवले, तर बोटाच्या रेषांत लाल पूड भरली. घराच्या भिंतीला पट्टा ओढायला आणि तुळशीवृंदावन सारवायला जी काव वापरतात, तीच ही. टॉर्च भिंतीला लावून तिरपा धरला तेव्हा छिन्नीचे तिरके घाव एकाखाली एक दिसू लागले. यंत्र नाही, विजेचा उजेड नाही, वरून येणाऱ्या अरुंद प्रकाशात कुणीतरी ही चीर खणत खाली गेले आणि त्यांच्या हाताचा कोन अजून भिंतीवर टिकून आहे. मी तिथून बराच वेळ हललो नाही.

त्याच घावांवर नावे कोरलेली आहेत, हे टॉर्च थोडा पुढे सरकवताच दिसले. बदामातली नावे, गावांची नावे, मोबाईल नंबर, तारखा. छातीच्या उंचीपासून हात पोहोचेल तिथपर्यंत. काव मऊ असते, किल्लीच्या टोकानेही कोरली जाते, आणि म्हणूनच एकदा खरवडलेला घाव पुन्हा मिळत नाही. आम्ही खाली असतानाच वरून पाच-सहा मुले आली आणि त्यांतल्या एकाने दगड उचलून भिंतीला लावलासुद्धा. मला राग आवरला नाही. मी त्याचा हात धरला, टॉर्च भिंतीला लावून ते जुने घाव त्याला दाखवले आणि म्हणालो, “हे बघ आधी, आणि मग तुझं नाव इथं असावं का ते सांग.” त्याने खरोखर वाकून पाहिले, बोटाने एक घाव चाचपला, आणि मग दगड खाली टाकून मित्रांना म्हणाला, “चला रे, वर जाऊ.” मुलगा वाईट नव्हता. ते घाव त्याला कुणी दाखवलेच नव्हते, आणि ही गोष्ट मला कोरलेल्या नावांइतकीच सलते. गडाचा इतिहास आपण लढायांत आणि राजांच्या नावांत शोधतो, पण दगड फोडणाऱ्या हातांची खूण समोर असताना ती पाहायला मुलांना शिकवत नाही.

वर आल्यावर उन्हात बसून भाकरी खाल्ली. पूर्वेला धोमचे निळे पाणी, त्यापलीकडे पांडवगड आणि मांढरदेवचा डोंगर, उत्तरेला केंजळगडाचा चपटा माथा आणि रायरेश्वर, दक्षिणेला कृष्णेच्या पलीकडे पाचगणीचे सपाट पठार, असे सारे एका बैठकीत दिसले.

उतरताना धारेवरच्या घसाऱ्याने गुडघ्यांची चांगली परीक्षा घेतली. चढताना सोपे वाटलेले दोन कातळटप्पे आम्ही कड्याकडे तोंड करून, एकेक पाय चाचपत उतरलो. वाटेत आजींच्या घरी पुन्हा थांबलो आणि त्यांना विहिरीतल्या नावांबद्दल सांगितले. त्या म्हणाल्या, “आमी सांगतो की हरेकाला, पर म्हातारीचं कोन ऐकतंय?” म्हणून जाणाऱ्यांना माझी विनंती आहे की सोबत टॉर्च न्यावा, तो भिंतीला तिरपा धरावा, आणि त्या वेळी विहिरीत जे कुणी असेल त्यालाही बोलावून ते घाव दाखवावेत.